दोन अन्नपूर्णा

दुर्गाबाईंचे दिवस झाले, सुतक फिटलं, आणि चौदाव्या दिवशी सकाळी त्यांचे यजमान रमाकांत शेजारून देव परत आणायला गेले, तेव्हा कळलं की अन्नपूर्णा हरवली आहे. म्हणजे ती गेली कुठेच नव्हती. एकीच्या जागी दोन निघाल्या होत्या, आणि त्यांतली आपली कोणती हे सांगणारं माणूस घरात उरलं नव्हतं.

त्याचं असं झालं. सुतकात घरच्या देवांना हात लावायचा नाही, म्हणून भोईवाड्यातल्या त्या चाळीत देव शेजारी पूजेला देत. रमाकांतांचे देव शेजारच्या सीतारामच्या बायकोकडे, चंपाकडे गेले. नवव्या दिवशी चंपाला कावळा शिवला. मग पलीकडच्या कौसल्याआजींनी दोन्ही घरचे देव उचलून एकाच ताम्हनात घातले. आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार दिवसांनी चंपा न्हाली आणि वडील आजारी म्हणून तशीच बोटीने मालवणला गेली. बाकीचे देव लगेच वेगळे झाले. रमाकांतांचे चांदीचे, सीतारामचे पितळेचे. अन्नपूर्णा मात्र दोन्ही पितळी, दोघींच्या हातांत पळी.

दुर्गाबाईंची अन्नपूर्णा लग्नात माहेरून आलेली. माझ्या मालनच्या गौरीहराला हीच द्या, एवढं त्या जाताना सांगून गेल्या होत्या. मालन त्यांची भाची, आणि तिचं लग्न येत्या गुरुवारी दादरला होतं. चंपाच्या गावी पत्र पोचायलाच आठवडा लागे.

रमाकांत विमा कचेरीत कारकून, पण बी.ए.ला त्यांनी तर्कशास्त्र घेतलं होतं. देव डोळ्यांनी दिसायची गरज नाही, तो नुसत्या बुद्धीने सिद्ध होतो, हे ते नऊ वर्षं गॅलरीत सीतारामला समजावत होते. ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो देव. नुसता मनात असलेल्यापेक्षा खरोखर असलेला थोर. म्हणून देव असलाच पाहिजे. सीताराम गिरणीत साचे चालवी, देव मानत नसे आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चात पुढे असे.

"मुंबईसकट महाराष्ट्रापेक्षा थोर काय मला कल्पिता येत नाय," तो म्हणे. "म्हणजे तो झालाच म्हणा की. आम्ही उगाच लाठ्या खातो."

आता दोघे ताम्हनासमोर उभे होते.

"वळख रे तुझी," आजी सीतारामला म्हणाल्या.

"मी कशाला बघतोय तिच्याकडे? मी देव मानत नाय."

"मग तुझी रे, रमाकांता?"

रमाकांतांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. बावीस वर्षं ती त्यांच्या जेवणाच्या पाटापासून चार हातांवर होती.

शेवटी त्यांनी बुद्धी चालवली. एकीचे नाकडोळे रेखीव होते. दुसरीचं तोंड पुसट, नाक जवळजवळ नाहीसंच. दुर्गाबाईंचं सगळं टापटिपीचं. शिवाय देवता म्हटली की ती परिपूर्णच असायला हवी. तेव्हा रेखीव ती आपली.

"नऊ वर्षांत पहिल्यांदा तुमचा देव माझ्या वाट्याला आला," सीताराम म्हणाला, "तोही बिननाकाचा."

गुरुवारी मालनने गौरीहर पुजला आणि अन्नपूर्णा घेऊन ती नाशिकला सासरी गेली.

महिन्याने चंपा आली. तिने आपल्या देवपाटावर नजर टाकली आणि हात पुसत पुसत ती पुसट तोंडाची मूर्ती घेऊन रमाकांतांच्या दारात उभी राहिली. मागोमाग सीताराम आला.

"भावजी, ही माझी न्हय. ही वहिनींची."

"कशावरून?"

"तोंड बघा तिचं. रोज सकाळी अंगठ्यानं घासायच्या, आणि घासताना तिच्याशी बोलायच्या."

"काय बोलायच्या?"

"'यांना आज डबा विसरू देऊ नको.' रोज तेच."

रमाकांतांनी मूर्ती हातात घेतली. आपण उद्याच नाशिकला कळवतो आणि अदलाबदल करून घेतो, असं ते म्हणाले. त्यावर सीताराम अवघडला.

"नको. नव्या घरात बसलेली देवी उठवायची नसते."

"तू देव मानत नाहीस ना?"

"मी नाय मानत. पण ती बसलीय ना तिकडे."

नाशिकला गेलेली मूर्ती चंपाला तिच्या आईने दिलेली होती.

झिजलेली अन्नपूर्णा सध्या रमाकांतांच्या देव्हाऱ्यात आहे. चंपाची चंपाला मिळायला हवी आणि दुर्गाबाईंची मालनला, यात तर्काने काही अडचण नाही. त्यासाठी मालनला फक्त एक पत्र लिहायचं आहे. ते अजून लिहिलेलं नाही.