इटलीचे ब्रेक

रऊफभाई मापारी, अकोट. हे नाव आधी लिहून टाकते. मदत कोणी केली ते आधी, काय झालं ते मग. कारण काय झालं ते सांगायला बसले की मी भलतंच काहीतरी सांगत सुटते, आणि ज्याचं नाव घ्यायचं त्याचंच राहून जातं. माझी शाळा सातवीत सुटली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि होडी वेळेवर नसायची. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर समजून घ्या. रऊफभाईंनी मात्र घेतलं नसतं. ते कुणालाच समजून घेत नाहीत.

अकोटच्या सराफ्यात लोक अंगठ्या तोलायला जातात, रऊफभाई नट तोलायला जात. मापारी म्हणजे बाजार समितीच्या यार्डात शेतमालाची पोती तोलणारा माणूस. दिवसभर तुरीची, सोयाबीनची पोती काट्यावर चढवून घ्यायची आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा. संध्याकाळी घरी यायचं, आंघोळ करायची, धुतलेला पांढरा कुर्ता चढवायचा, आणि रुमालात गुंडाळलेला एखादा सायकलीचा स्क्रू घेऊन सराफाकडे जायचं. सराफ आधी हसला, मग चिडला, मग त्यानं त्यांच्यासाठी एक स्टूलच ठेवलं. दिवसभर क्विंटल आणि संध्याकाळी ग्रॅम, असा हा माणूस.

एकदा जपानहून त्यांची पायडलं आली. अकोल्याला जठारपेठेतला एक दुकानदार अशा वस्तू मागवून द्यायचा, वर्षातून एखादी. खोक्यावर वजन छापलेलं होतं. रऊफभाईंनी सराफाच्या काट्यावर ठेवलं तर नऊ ग्रॅम जास्त. झालं. तिथूनच ते तणतणत शेजारी माझ्या दारात आले.

आता यार्डात कडता नावाचा एक प्रकार असतो. पोत्याचं वजन, माती, ओलावा अशी कारणं सांगून शेतकऱ्याच्या मालातून थोडं वजन कापतात, त्याला कडता म्हणतात. रऊफभाईंचं त्यावरून व्यापाऱ्यांशी रोज भांडण. त्यांनी पुकारलेला आकडा कुणी कमी लिहिला तर ते काट्यावरून हलत नसत, त्यामुळे हळूहळू त्यांना कामाला बोलावणंच कमी झालं होतं.

"पाह्य ताई," ते मला म्हणाले, "अठी शेतकरी माल आनते तं त्याचं वजन कमी करतेत. अन् हे जपानी माह्या मालाचं वजन वाढवून राहिले. दोनीकडून बेइमानी. मानसानं जावं कुठी?"

हायस्कूलच्या मास्तरांना बसवून त्यांनी जपानला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. विषय, कडत्याबाबत तक्रार. कडत्याला इंग्रजीत काय म्हणावं यात मास्तरांचे दोन दिवस गेले. तीन महिन्यांनी उत्तर आलं. तुमचे आभार असं काहीतरी लिहिलं होतं आणि सोबत कंपनीचं एक चमकदार स्टिकर. रऊफभाईंनी ते सायकलीला लावलं नाही, पाण्याच्या माठाला लावलं. सायकलीला लावलं असतं तर वजन वाढलं असतं.

ही सायकल म्हणजे काय ते सांगते. अमरावतीच्या एका शर्यती खेळणाऱ्या मुलानं लग्न ठरल्यावर खेळ सोडला आणि नुसता सांगाडा विकला. निळा, बारीक नळ्यांचा. रऊफभाईंनी तो आणला आणि पुढची नऊ-दहा वर्षं त्याला एकेक अवयव लावत गेले. जपानची गिअरं, कुठलीशी फ्रान्सची चाकं, आणि सगळ्यात शेवटी, दोन वर्षं वाट बघून, इटलीचे ब्रेक. ते आले त्या दिवशी त्यांनी गल्लीत बालूशाही वाटली. घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडसुद्धा नाही. त्यामुळे सायकल स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नसे. ती आतल्या खोलीत छताच्या हुकाला टांगलेली, आणि रऊफभाईंची खाट बाहेर ओसरीत. लग्न केलेलं नव्हतं, आई गेलेली. रोज संध्याकाळी ते हातानं चाक फिरवायचे. त्याची टिकटिक भिंतीपलीकडून माझ्या खोलीत यायची.

मी एकदा म्हटलं, रऊफभाई, स्क्रूचे दोन ग्रॅम कमी करायला एवढा जीव टाकता, त्यापेक्षा पोटाचे दोन किलो उतरवले तर? ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "काट्याचं वजन मालात धरत नसतेत, ताई. मी काटा हाय."

दर रविवारी सायकल खाली उतरायची आणि रऊफभाई तिला घेऊन फिरायला निघायचे. हाताला धरून. बसून कधीच नाही. एखाद्या नाजूक पाहुण्याला गाव दाखवावं तसे तिच्या शेजारून चालत तेल्हारा नाक्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. कुणी विचारलं की भडकायचे. हा काय रस्ता आहे का? या डांबरावर फ्रान्सचा टायर टेकवायचा म्हणजे पाहुण्याला उकिरड्यावर जेवायला बसवणं. लोकांना ते पटायचं, कारण रस्ता खरंच तसा होता. तरुणपणी रऊफभाई अमरावतीच्या शर्यतीत पहिले आले होते असं गावात सगळे सांगत. ते स्वतः कधी हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत.

आता माझं.

मी मालवणकडची. नवरा फिटर, त्याच्याबरोबर अकोटला आले, तो जिनिंगमध्ये लागला. मग दुष्काळ पडला, कापूस येईना, जिनिंग बंद पडलं, तो सुरतेला गेला. एका खोलीत दहा माणसं, तिथं मला कुठे नेणार? मी तेल्हारा रस्त्यावर, सात किलोमीटरवर, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. सकाळी सातच्या आत मुलींच्या नाश्त्याची चूल पेटली पाहिजे. त्या काळात घरोघरचे लोक पोरींना वसतिगृहात आणून सोडत होते, निदान दोन वेळा जेवतील म्हणून. मुली वाढत होत्या, आणि नेमकी तेव्हाच सकाळची एसटी बंद झाली. प्रवासी नाहीत म्हणे. माणसाच्या खिशात काही नसलं तर तो प्रवासी होणार कसा, एवढं सुद्धा कुणी विचारत नाही. मला त्याचा आजही राग येतो.

आठ दिवस मी कधी दुधाच्या गाडीवर, कधी पायी पोचले आणि रोज उशीर झाला. अधीक्षकांनी घड्याळ दाखवलं. आणखी एक आठवडा देतो, त्यानंतरच्या सोमवारपासून वेळेवर आलात तर ठीक, नाही तर दुसरी बाई तयार आहे. ती नोकरी गेली असती तर मला खोली सोडून गावी जावं लागलं असतं, आणि गावी मला घ्यायला कुणी बसलेलं नव्हतं.

मी पायरीवर बसून रडत होते. रऊफभाईंनी धीर वगैरे काही दिला नाही. ओरडले.

"रडून काहून राहिली? सात किलोमीटर म्हंजे काय अंतर झालं? सायकल शिक."

मी म्हटलं, आमच्या गावात सायकल म्हणजे चढाला हमाली आणि उताराला मरण, मी जन्मात शिवलेली नाही. वय बत्तीस. यावर त्यांनी तिथल्या तिथं कोकणाला नावं ठेवली, मग एसटीला, मग अधीक्षकांना, आणि संध्याकाळी कुठून तरी एक जुनी लेडीज सायकल घेऊन आले. यार्डातल्या काट्यावर तिचं वजन करूनच आणली होती. एकवीस किलो. त्यांचा चेहरा सुतकी झाला होता. ही सायकल नाही, तेलाचा घाणा आहे, असं म्हणून त्यांनी पहिल्यांदा तिचं कॅरिअर काढायला घेतलं. माझा डबा काय डोक्यावर ठेवू का, यावरून आमचं अर्धा तास भांडण झालं. कॅरिअर राहिलं. घंटी मात्र गेली.

पहाटे यार्डात शिकवणी. दर वर्षी त्या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसे. त्या वर्षी माल नव्हता, त्यामुळे काँक्रीट मोकळंच मोकळं. रऊफभाई मागून सीट धरून धावत आणि धावता धावता शिकवत. नजर वर, चाकाकडे पाहू नको, जिकडे नजर तिकडे चाक. त्यांना धाप लागायची पण बोलणं थांबायचं नाही. रिकामे बसलेले हमाल कठड्यावर रांगेनं बसून बघायचे. एक जण ओरडला, "रऊफभाई, ताई पडली तं कडता किती कापसान?" रऊफभाईंनी मला तिथंच सोडून त्याच्याशी भांडायला धाव घेतली. मी एकटीच वीस-पंचवीस हात पुढे गेले आणि मग रिकाम्या पोत्यांच्या ढिगात शिरले. पण गेले. पाच दिवसांत सपाटीवर येऊ लागलं.

अडलं उतारावर. वसतिगृहाच्या वाटेत एका नाल्याचा पूल आहे. अलीकडे उतार, तळाला वळण, वळणावर समोरून ट्रक. त्या घाण्याचे ब्रेक दाबले तरी तो आपल्या मर्जीनं थांबायचा. उतार दिसला की माझे हात गोठायचे, मी उतरायचे तरी किंवा पडायचे तरी. मी रऊफभाईंना म्हटलं, एकदा तुम्ही बसून दाखवा, उताराला ब्रेक कसा धरायचा. ते माझ्या चपलांवर घसरले, असल्या चपला घालून कुणी सायकल चालवतं का म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, तर हँडलवर घसरले. तिसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मलाही राग आला. मी सायकल खाली टाकली आणि म्हटलं, शर्यती जिंकणाऱ्या माणसाला एवढं दाखवायला जड जातं? माझी नोकरी चालली आहे, रऊफभाई.

ते पुलाच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "मले येत नाही, ताई."

"काय येत नाही?"

"सायकल."

मला वाटलं चेष्टा आहे. पण रऊफभाई चेष्टा करत नसत, त्यांना तेवढी सवडच नव्हती.

"लहानपनी घरी सायकल नोती," ते म्हणाले. "मोठा झालो तं लाज वाटे. मंग लोकायनंच ठरवलं का मले येते. मंग काय सांगू? अन् शिकाले मांगून सीट धराले कोनी लागते ना. माह्या मांगं कोनी नोतं."

सायकल ढकलत दोघं पायी परत आलो. वाटेत त्यांनी खड्ड्यांनाही नावं ठेवली नाहीत.

रविवारी माझी सुट्टी, मी सायकल अंगणात सोडून दिवसभर खोलीतच पडून होते. सोमवारी पहाटे बाहेर आले तर ती भिंतीला टेकलेली आणि तिच्या गंजलेल्या अंगावर पुढे-मागे दोन चांदीसारख्या वस्तू. इटलीचे ब्रेक. ते बारीक चाकांसाठी केलेले, माझ्या जाड चाकाला पोचत नव्हते. म्हणून वेल्डिंगवाल्याकडून लोखंडाच्या दोन पट्ट्या करवून त्यावर ते बसवले होते. चांगल्या जाडजूड पट्ट्या. सराफानं मला नंतर सांगितलं की त्या पट्ट्या त्याच्याकडे तोलायला आल्या नव्हत्या.

मी रऊफभाईंच्या ओसरीत गेले. खाट रिकामी होती. आत हुकाला निळी सायकल टांगलेली, ब्रेकच्या जागी नुसती भोकं.

थांबायला वेळ नव्हता. निघाले. उजाडता उजाडता पूल आला आणि उताराच्या डोक्यावर येताच माझे हात नेहमीसारखे गोठले. तेवढ्यात तळाशी, वळणाच्या तोंडाला, पांढरा कुर्ता दिसला. रऊफभाई अंधारातच निघून पायी तिथं येऊन उभे होते. एक ट्रक त्यांनी हात पसरून अडवून धरला होता आणि ड्रायव्हरशी भांडत होते. मला बघून त्याला सोडून माझ्याकडे वळले.

"दाब," ते म्हणाले. "हळू दाब. जोर नोको लावू, ते समजदार हायेत."

मी दाबले. सायकल हळू झाली. वळण आलं आणि गेलं. मागे वळून बघायचं नाही असं शिकवलेलं होतं, म्हणून बघितलं नाही, पण ड्रायव्हरला ते पुन्हा झापत होते ते ऐकू येत होतं. वसतिगृहात पोचले तेव्हा सातला दहा मिनिटं होती. अधीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चूल पेटवली.

आता मी अमरावतीच्या एका मोठ्या वसतिगृहात आहे. माझ्या हाताखाली दोन बायका आहेत, नवराही सुरतेहून परत आला. सायकल तीच, ब्रेक तेच. परत करायला मी चार वेळा अकोटला घेऊन गेले. दर वेळी रऊफभाई संतापले, उतार काय फक्त अकोटात असतात का म्हणाले. त्यांच्या सायकलीला ब्रेक का नाहीत असं गल्लीत कुणी विचारलं तर सांगतात, इटलीले रिपेरीले गेले. लोक अजूनही त्यांना अमरावतीचे विजेते समजतात आणि मागं वेडा म्हणतात. दोन्ही ऐकलं की मला चीड येते. खरं काय ते मी एवढी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिलं, ते त्यांना विचारून. हो म्हणाले, पण वजन बरोबर लिहायची अट घातली.

आता त्यांचं वय साठीकडे आलं. मी त्यांच्या सायकल शिकण्याचा विषय काढला की ते यार्डाच्या काँक्रीटला नावं ठेवतात, मग स्वतःच्या गुडघ्यांना, मग मला. ठेवू देत. एक ना एक दिवस मी हे ब्रेक त्यांच्या निळ्या सायकलीला बसवून घेणार आहे, आणि पहाटे यार्डात त्यांना तिच्यावर बसवणार आहे. मागून सीट मी धरीन. धाप लागली तरी धावेन. सोडायचं कधी, ते त्यांनी सांगायचं.