विजेच्या गिटारीचे बारसे

गिटारीच्या दांडीच्या शेंड्याला, खुंट्यांच्या दोन रांगांच्या मधोमध, एक लांबट गोल जागा होती. लांबी अडीच इंच, रुंदी सव्वा इंच. काचपेपरने ती इतकी घासलेली होती की बोट ठेवले तर घसरावे. त्या जागेवर काहीही लिहिलेले नव्हते.

कोणत्याही वस्तूवर तिच्या नावाला सर्वांत कमी जागा लागते आणि सर्वांत जास्त वेळ लागतो, हे सगळ्या उत्पादक राष्ट्रांत मान्य झालेले सत्य आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाची खडपवाडी १९६५ सालापर्यंत उत्पादक राष्ट्र नव्हती. त्या साली झाली. एकूण उत्पादन : एक गिटार.

उत्पादक सयाजी उतेकर. तो मुंबईत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. दुकान बंद पडले तेव्हा पगाराऐवजी मिळालेली एक पत्र्याची ट्रंक घेऊन तो घरी आला. ट्रंकेत वायरी होत्या आणि डोक्यात विजेची गिटार होती. ती त्याने मुंबईत एका लग्नाच्या मांडवात ऐकली होती. वाडीत वीज नव्हती, पण ही अडचण त्याने शेवटी सोडवायची म्हणून बाजूला ठेवली. (मोठ्या योजनांची हीच रीत आहे.)

गिटारीचे धड फणसाचे होते. दांडी घरच्या मोडक्या पाळण्याची, सागवानी. दांडीवरचे सुरांचे पडदे छत्रीच्या काड्यांचे. आवाज लहानमोठा करायची कळ कशेडी घाटात उलटलेल्या एका ट्रकची (ड्रायव्हर सुखरूप होता आणि त्याने हरकत घेतली नाही). तारांखालचा चुंबक तंबूतल्या सिनेमाच्या फाटक्या कर्ण्यातला, आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेढे. फक्त वाजवायच्या तारा विकतच्या, पोलादी. पितळी तारेला चुंबक ओळख देत नाही. पोलादी तार मात्र कुठल्याही कंपनीची असली तरी त्याला चालते. या बाबतीत चुंबक मागासलेला आहे.

राहता राहिला आवाज. ग्रामपंचायतीत बॅटरीवर चालणारा सरकारी रेडिओ होता आणि त्याच्या पाठीला ग्रामोफोन जोडायची दोन भोके होती. सरपंच कुशाबांनी परवानगी दिली, ती दोन अटींवर : शेतकी कार्यक्रम बुडता कामा नये, आणि वाजेल ते शक्यतो शेतीला पूरक असावे. सयाजीने वायर खुपसली, तार छेडली, आणि फणस रेडिओतून बोलला.

महाडच्या बँडचे मालक येसाजीशेठ मुद्दाम ऐकायला आले. त्यांच्याकडे मोटारीची बॅटरी होती, लाउडस्पीकर होता आणि लग्नसराईच्या सुपाऱ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकले.

"वाजते झ्याक," ते म्हणाले. "कंपनी कुठली?"

"कंपनी मीच."

"तू कंपनी नाय रे, तू सयाजी. वरपक्षानं इचारलं तर काय सांगू? फणस?"

"आवाज ऐकवा की त्यांना."

"आवाज गरिबाच्या लग्नात ऐकतात. मोठ्या लग्नात छाप बघतात." शेठ उठले. "तुळशीचं लगीन लागलं की माझी लग्नं लागली. तवर नाव घालून आण, जागा तुझी. नायतर मी क्लॅरिनेटवाला घेतो आणि तू जा मुंबईला."

मुंबईला जाणे सयाजीला अवघड नव्हते, कारण वाडीतले निम्मे पुरुष तिथेच होते. अवघड होते ते रखमाला. लग्न झाल्यापासून तिला नवरा मनिऑर्डरीतून पाहायची सवय लागली होती, आणि ही सवय मोडायची असे तिने ठरवले होते. "काय बी लिवा," ती म्हणाली, "पन गाडीत नका बसू."

काय बी लिहिणे वाडीत शक्य नव्हते. नाव बाहेरगावी जाणार, म्हणजे ते गावाचे, म्हणजे ते गावकीत ठरणार. गावकी बसली. वाडीचे उंबरे बासष्ट. पैकी याआधी गिटार पाहिलेले शून्य, गिटारीबद्दल मत असलेले बासष्ट. 'गिटार रेडिओवर चालते, मग रेडिओत काय वाईट होते?' हे मत बहुमताने पुढे होते. मराठी भाषेत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचा फरक आहे. गावकीने पहिल्याच बैठकीत दुसरे काम पूर्ण केले. पहिले पुढच्या बैठकीवर गेले.

पुढच्या बैठकीत 'उतेकर' हे नाव आले. लगेच 'उतेकर म्हणजे वरच्या आळीचे की खालच्या?' असा प्रश्न निघाला. तो पाणंदीच्या जुन्या भांडणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग देवीचे नाव सुचले. देवीला कौल लावला. फूल ना उजवे पडले, ना डावे. ते देवीच्या खांद्यावर तसेच बसून राहिले, आणि सभेत इतका समंजसपणा दाखवणारे ते एकटेच होते. मग प्राण्याची छाप घ्यायचे ठरले. पण वाघ विडीने घेतला होता, घोडा काडेपेटीने, मोर सोड्याच्या बाटलीने. शिल्लक होते रेडा, घोरपड आणि खेकडा. खेकड्याला दोन मते पडली.

शाळेचे दत्ताराम गुरुजी म्हणाले, "नाव संस्कृत असावे. विद्युत्तंतुनादिनी." सयाजीने ते खडूने लिहून पाहिले. सव्वा इंचाच्या जागेत 'विद्युत्तं' पर्यंत मावले, उरलेले मागच्या बाजूला न्यावे लागले असते. मुंबईत कामाला असलेल्या वाडीकरांच्या मंडळाने लालबागच्या खोलीवरून कळवले की नाव इंग्रजी ठेवा, कोणतेही चालेल, फक्त आपल्याला वाचता येऊ नये.

गुरुजी विज्ञानही शिकवत, म्हणून त्यांनी प्रयोग सुचवला. सयाजीने दाराआड बसून एकच चाल दोनदा वाजवावी. बाहेर बसलेल्यांना पहिल्यांदा सांगावे की ही गिटार जर्मनीची, दुसऱ्यांदा सांगावे की ही सयाजीची. निष्कर्ष असा : जर्मन गिटार गोड वाजली. सयाजीची जरा खरखरली. दोन्हींत फरक न कळणारी एकच व्यक्ती निघाली, म्हातारी गोदूबाई. ती ठार बहिरी होती. (हा प्रयोग वाचकांनी चहा, चष्मा किंवा जावई घेऊन घरी करून पाहण्यास हरकत नाही. निष्कर्ष बदलत नाही.)

शेवटी वाट काढली ती बायकांनी. बयाबाई, सरपंचांची बायको, विहिरीवर म्हणाली, "नाव ठेवाया गावकी कशाला लागते गो? पोरीचं नाव आत्या ठेवते. सयाजीची भैन कुठं गेली?"

यात न्याय होता. गिटार स्त्रीलिंगी होती आणि सयाजीने जन्माला घातली होती. त्याची थोरली बहीण राहीबाई महाडजवळच्या सव गावी दिली होती, गरम पाण्याच्या कुंडांपलीकडे. सयाजी बोलावणे घेऊन गेला. पण राहीबाई रुसलेली होती.

"पाळना मोडलास, मला इचारलंस?"

"मोडलेलाच होता, आक्का."

"मोडलेला आपला आपन मोडला व्हता. तू करवतीनं मोडलास. त्या पाळन्यात मी तुला झोके दिलेत. नाव मला सुचलंय. पन आता नाय सांगनार."

पुन्हा बोलावले, तेव्हा भाताची कापणी निघाली. त्यानंतर बोलावले, तेव्हा साडी कुठल्या रंगाची घेतली आहे हे आधी कळावे असा निरोप आला. रंग कळवल्यावर ती म्हणाली, "बघते." तिकडे येसाजीशेठांनी क्लॅरिनेटवाल्याचा पत्ता काढल्याची बातमी आली आणि रखमाने सयाजीची ट्रंक माळ्यावर चढवून खालची शिडी शेजारी देऊन टाकली.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी राहीबाई आली. ग्रामपंचायतीत गिटार नव्या कापडावर निजवली होती. गुरुजींनी शंका काढली की नाव कानात सांगतात, इथे कान कुठे? सयाजीने खुंट्या दाखवल्या. सुरात आणताना आपण हेच पिळतो, असे तो म्हणाला. शंका मिटली. नाव सांगितले की आत्याच्या पाठीत बुक्के घालायची रीत आहे, म्हणून बायका पदर खोचून मागे उभ्या राहिल्या. पुढच्या ओळीत येसाजीशेठ बसले होते. त्यांना त्याच दिवशी काय तो निकाल हवा होता.

राहीबाईने आधी गिटार वाजवायला लावली. मग पाळण्याच्या दांडीवरून हात फिरवला, हात बराच वेळ तिथेच ठेवला, आणि शेठांकडे वळली.

"शेठ, तुमी मुलखाची लग्नं वाजवलीत. हिची कंपनी तुमाला सांगाया पायजे?"

सगळी सभा शेठांकडे पाहू लागली. शेठांनी गिटारीकडे पाहिले, मग छताकडे पाहिले.

"छे," ते म्हणाले. "आवाजावरनंच वळखली मी. मोठी कंपनी हाय."

"गुरुजींना बी ठावं असंल. शिकलेलं मानूस."

"अर्थात," गुरुजी म्हणाले. "प्रश्नच नाही."

कुशाबांनी मान डोलावली. मग वरच्या आळीने डोलावली, म्हणून खालच्या आळीने जरा जास्त डोलावली. हे नाव या मजकुरात अजून आलेले नाही, तरी जाणकार वाचकांनीही एव्हाना ते ओळखून मान डोलावलीच असेल. ज्यांनी डोलावली नसेल त्यांच्याविषयी इथे काही म्हणायचे नाही.

बायकांनी मुठी वळल्या. राहीबाई खुंट्यांपाशी वाकली, पण बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"नाव नाय ठेवायचं, सयाजी. जागा कोरीच ऱ्हाऊ दे. कंपनी कुठली इचारील त्याला म्हनायचं, तुमाला सांगाया पायजे?"