चुकलेली घडी

माझी भाची सुजाता हातात येईल त्याची घडी घालते. एसटीचं तिकीट, माझ्या खांद्यावरचा टॉवेल, तिला बघायला आलेल्या मुलाच्या खिशातला रुमालसुद्धा. वर म्हणते, "घडी चुकली की काम चुकलं." तो मुलगा परत आला नाही.

माझा अंड्यांचा धंदा. सायकलवरनं अंडी विकत, घासाघीस करत आमच्या गावात, निरवांगीत, शेड उभं केलं. एका उन्हाळ्यात शेडातल्या सगळ्या कोंबड्या मानमोडीच्या रोगानं मेल्या. लस दिलेली असून! बारामतीच्या लसवाल्या दुकानदाराला मी भर बाजारात शिव्या घातल्या. सुजाता तेव्हा अकरावीत. मेलेल्या कोंबड्यांत उभी राहून म्हणाली, "मामा, कोंबड्या मागनं मेल्या. आधी औषध मेलं. कशानं?"

"औषध कुठं मरतं व्हय? येडी हायस का?"

त्या 'कशानं'पायी पोरगी पुण्यात जीवरसायनशास्त्र शिकली. मी कधी कुणापुढं मान तुकवली नव्हती. पण हिला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटवायला माळेगावला चार खेपा घातल्या. जागा ठरली. तर बाई म्हणाल्या, "साखर माझ्याबिगर बी गोडच ऱ्हाती. मला लस करायचीय." तो राग माझ्या मनात अजून आहे.

गेल्या मे महिन्यात भांडायलाच पुण्याला तिच्या प्रयोगशाळेत गेलो. तिनं माझा टॉवेल ओढून घेतला.

"मामा, ही प्रथिनाची दोरी. घडी नीट असली तर अंग लस वळखतं. ऊन लागलं, की..." टॉवेल झटकला. "म्हणून मी घडीला टाके घालतीया. उन्हात बी उलगडू न्हाय असे."

"बसले का?"

"अकरा डाव उसवले. बारावा चालूय."

खिडकीत, भर उन्हात, एक कापडी पिशवी टांगलेली. आत बाटल्या. पिशवी माझी होती.

त्या उन्हाळ्यात लस घेताना दुकानदार बर्फ घ्या म्हणत होता. मी बर्फ सोडून भाव पाडला आणि ह्याच पिशवीतनं लस दुपारच्या एसटीनं नेली होती. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

"ही तुझ्याकडं कशी?"

"तवाच उचलली. कुणी बघायच्या आत." मग नेहमीच्या आवाजात, "हिच्यातनं निरवांगीपतोर टिकली पायजे. बर्फाबिगर."

मी टॉवेलाची घडी घातली. चुकली. तिनं पाहिलं, आणि तशीच राहू दिली.