बापूसाहेब कुणाकडे जात नाहीत

इथे कॅनडात, रेजिना शहरातल्या आमच्या शेजारचे बापूसाहेब आमच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नाही. ते नागपूरला हायकोर्टात जज्ज होते, आणि जज्जानं पक्षकाराचं खाऊ नये, असा त्यांचा नियम आहे.

"अहो, पण मी पक्षकार कसला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"आज नाही. उद्या होऊ शकता."

वीस वर्षं वकिली, मग जज्जगिरी. तेव्हापासून ना कुणाचं लग्न, ना बारसं. हळदीकुंकवाला बायकोलाही पाठवत नसत म्हणे, बिचारी! आता निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, कोर्ट साता समुद्रांपलीकडे राहिलं, पण नियम काही सुटत नाही. दिवाळीत माझ्या बायकोनं चकल्या पाठवल्या. पाच मिनिटांत डबा परत. "बाबा, ही रिटर्न्ड इट अगेन!" म्हणत आमची मुलगी हसत सुटली. बायको मात्र आठवडाभर माझ्यावर धुमसत होती, जणू कायदा मीच केला होता.

एकदा उणे तीसमध्ये मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं शोव्हल करत होतो. त्यांच्या निखिलनं ऑफिसला जाताना स्वतःचा सगळा बर्फ माझ्या हद्दीत लोटलेला. बापूसाहेब कानटोपी घालून दारात उभे.

"बघा, आता तुम्हीच सांगा!" मी ओरडलो.

त्यांनी दोन्ही ड्राइव्हवे नीट न्याहाळले. "यात माझा मुलगा पक्षकार आहे. हे प्रकरण मला ऐकता येणार नाही." आणि दार लावून घेतलं. मी कोपरापासून हात जोडले.

जानेवारीत निखिल भेटला तो चेहरा पाडूनच. "दादा, बाबा परत जायचं म्हणतायत. आई गेल्यापासून नागपूरचा फ्लॅट बंद आहे, तिथे एकटे राहणार. इथे दिवसभर बोलायला कुणी नाही म्हणतात. रोज विचारतात, तिकीट बुक केलंस का? तुम्ही जरा समजवा ना."

मी काय समजावणार, कपाळ! जो माणूस चहा घेत नाही, त्याला थांबवायचं कसं?

दोन दिवसांनी भर दुपारी बेल वाजली. दारात बापूसाहेब. कोट, टाय, बुटांवर बर्फ. निरोप घ्यायला आले असावेत, असंच मला वाटलं.

"माझा एक मित्र होता," ते पायपुसण्यावरूनच म्हणाले. "आम्ही एकत्र वकिली सुरू केली. रोज संध्याकाळी त्याच्याकडे कॅरम. मी जज्ज झालो आणि जाणं बंद केलं. रिटायर झालो की जाऊ, म्हटलं. तो थांबला नाही."

मी दार पूर्ण उघडलं.

"निखिल म्हणतो, शेजारी जाऊन बसत जा. पण सवयच मोडली हो. कुणाच्या घरी गेलं, की आधी काय बोलायचं असतं?"

इतके दिवस या माणसावर चिडत होतो, त्याची मला लाज वाटली.

"काही बोलायचं नसतं. या."

ते वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. गारठलेल्या बोटांना गाठ सुटेना. मी खाली बसलो आणि सोडायला घेतली.

"आणि तिकिटाचं?" मी मान वर न करता विचारलं.

"त्याला पुढची तारीख दिलीय," बापूसाहेब म्हणाले.