रागीट माणसाचे पाय

आधीच सांगून ठेवतो, मी रागीट नाही. लोक माझ्याशी मूर्खासारखे वागतात आणि मी ते त्यांच्या लक्षात आणून देतो, एवढंच. त्या दिवशीही मी चिडलो तो पुस्तकांवर. बत्तीस वर्षं मी बाइंडिंग करतोय, आणि माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या टेबलावर पाच पुस्तकं पानं गळत पडलेली. शिंप्याच्या पोरांनी फाटके कपडे घालून फिरावं तसं.

मुलीला अ‍ॅनिमेशन शिकायचंय. कागदावरची चित्रं पडद्यावर चालती करायची, असं ते शास्त्र. तिच्या क्लासच्या सरांनी पुस्तकांची यादी दिली होती. एक हाडांचं, एक स्नायूंचं, एक जनावरांच्या चालींचं, एक नुसत्या चेहऱ्यांचं, आणि एक जाडजूड, ज्यात माणूस चालतो, वळतो, पडतो ते टप्प्याटप्प्याने दाखवलंय. (माणूस कसा चालतो हे पुस्तकात कशाला बघायचं? खिडकी उघडली की दिसतो. हे मी बोललो होतो, आणि त्यानंतर आठवडाभर माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.) पाचही जुन्या बाजारातून आणलेली. जाडजूड तर रबर लावून कसंबसं एकत्र ठेवलेलं.

शनिवारी सकाळी ती क्लासला गेली आणि मी ठरवलं, न सांगता बांधून टाकू. संध्याकाळी पाचला तिला कुठल्याशा संस्थेत प्रवेशासाठी काहीतरी नेऊन द्यायचं होतं. त्याआधी टेबलावर पाच देखणी पुस्तकं दिसली की पोर हरखेल. आमची ही म्हणाली, तिला विचारा तरी. मी म्हणालो, डॉक्टर काय पेशंटला विचारून इंजेक्शन देतो? ती म्हणाली, देतो. मी पुस्तकं उचलून खालच्या दुकानात आलो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. बाइंडरने मजकूर वाचायचा नाही, फक्त पानांचे नंबर बघायचे. वाचत बसला तर पोटाला काय खाईल? त्या नियमाने चार पुस्तकं झटपट उरकली. पाचवं, ते जाडजूड, उघडलं आणि डोकं तडकलं. पानांमध्ये पातळ सुटे कागद, पेन्सिलीने काढलेली चित्रं, कोपऱ्यात नंबर, एक ते अठ्ठेचाळीस. मी म्हटलं, ज्या नंबरचं चित्र त्या नंबरच्या पानासमोर. पण चित्रं कसली, तर एक मिशीवाला माणूस मानेच्या शिरा ताणून पाय आपटत येतोय. अठ्ठेचाळीस वेळा तोच. हात जरासा वर, मग जरासा आणखी वर. कागदाची एवढी नासाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. बरं, माणूस तरी बरा निवडावा. मला त्याच्या बायकोची कीव आली.

त्यात हे कागद पुस्तकाच्या पानांपेक्षा दोन बोटं लांब, आणि खालच्या काठाला कुणीतरी तीन-तीन भोकं पाडलेली. पुस्तकाला भोकं पाडणाऱ्याचा हात कलम करावा, या मताचा मी आहे. त्याचा हात सापडेना, म्हणून मी गठ्ठा कटिंग मशीनमध्ये धरला आणि दोन बोटं कागद उडवला. मग खळ, पुठ्ठा, वर निळं कापड. काय पुस्तक झालं होतं म्हणून सांगू.

साडेबाराला मुलगी आली ती धावतच दुकानात.

"बाबा, माझी चित्रं कुठेत?"

मी निळं पुस्तक पुढे केलं. तिने चाळलं. ती रडली असती तर मला ओरडता तरी आलं असतं. ती स्टुलावर बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. ती चित्रं तिने दोन महिने काढली होती. पडद्यावर त्यांची चार सेकंदं होतात. कागद वळू नयेत म्हणून तिने ते पुस्तकात दाबून ठेवले होते. ती तीन भोकं खिळ्यांत बसवायची असतात, म्हणजे फोटो काढताना प्रत्येक कागद नेमका त्याच जागी येतो. आणि कापलेल्या दोन बोटांत त्या माणसाचे पाय होते.

"पाचपर्यंत दिलं नाही तर वर्ष जाईल, बाबा."

मी भयंकर चिडलो. आधी तिच्यावर, वर नाव का नाही लिहिलं म्हणून. मग भोकांवर, मग संस्थेवर, मग मशीनवर. रद्दीवाला अकरालाच कातरण घेऊन गेला होता, त्याच्यावरही. (एरवी तीनदा बोलावल्याशिवाय येत नाही.) शेवटी कोणी उरेना, तेव्हा स्वतःवर चिडलो, आणि तो राग काही केल्या उतरेना.

मी माझं पुस्तक माझ्या हाताने फाडलं. अठ्ठेचाळीस कागद सोडवले, प्रत्येकाच्या खाली नवी पट्टी चिकटवली, आणि तिच्या पंचने भोकं पाडली. रेषेला रेष जुळवणं मला कोणी शिकवायला नको. राहिले पाय. मुलीने पाचही पुस्तकं पालथी घातली, तसे पाय कशातच नव्हते.

"पुस्तकं कशाला? हे आहेत की," जेवायला बोलवायला आलेली आमची ही म्हणाली. "बाकीचा माणूस यांच्यावरूनच काढलास ना?"

मी चित्राकडे नीट पाहिलं. मिशी माझी होती.

मग दुकानाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मी चाललो. मुलगी म्हणाली, चिडून चाला. उभ्या आयुष्यात घरातलं कोणी मला ‘चिडा’ म्हणालं नव्हतं, आणि म्हणालं तेव्हा राग येईना. वरातीत चालल्यासारखे पाय पडत होते. तीन वाजत आले. तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "माझा भाऊ म्हणत होता, हल्ली बाइंडिंग करतं कोण? लोक क्लिप लावतात."

पुढचा तासभर मुलगी मान वर न करता काढत होती. साडेचारला ती कागदांचा गठ्ठा घेऊन रिक्षात बसली, आणि माझे तळवे दुसऱ्या दिवशीपर्यंत हुळहुळत होते.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. प्रवेश मिळाला. खाली परीक्षकांचा शेरा होता: पाय उत्तम. वरचा माणूस मात्र अतिरंजित, असं कोणी चिडत नाही, प्रत्यक्ष माणसाचं निरीक्षण वाढवावं.

मी ताडकन उठलो. म्हटलं, आत्ता जातो आणि त्या परीक्षकापुढे उभा राहतो, बघू दे त्याला प्रत्यक्ष माणूस. मी टेबलावर हात आपटला, दोन कप खाली आले. मुलीने पत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"हा माणूस झाला काढून, बाबा," ती म्हणाली. "पहिल्या टर्मला झोपलेला हवाय."

"तो यांना जास्त चांगला जमतो," ही म्हणाली.

मी रागारागाने आत गेलो आणि आडवा झालो.