तोतया मेजर आणि फिरत्या बिऱ्हाडाची बखर

श्री. विघ्नहर्त्याचे चरणीं माथा, कुलस्वामिनीस गूळखोबरें, आणि मोबाईलास पुरती चार्जिंग, ऐसी सिद्धता करोन बखर लिहावयास घेतली. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास. राज्याचें नांव सांगत नाहीं. सांगितल्यास तेथील रयत "आमच्याकडे असलं काही होत नाही" म्हणोन भांडावयास येईल.

ते राज्यीं हैबतराव ढवळे नामें मंडपाचे सरदार होते. उभी हयात त्यांनीं लग्नें, मुंजी, उत्सव आणि पुढाऱ्यांच्या सभा यांस मंडप दिले, कित्येक राजवटी त्यांच्या कनातींखालीं आल्या आणि गेल्या, आणि खुर्च्या मात्र मोजून परत आल्या. तरुणपणीं त्यांचे पदरीं एक मॅटॅडोर गाडी होती. लग्नसराई सरली म्हणजे राव तींतील बांबू उतरवीत, मंडपाच्या गाद्या अंथरीत, आणि मंजुळाबाईसाहेब व दोन पोरें यांस घेऊन समुद्राकांठीं मोहिमेस निघत. मग वाटेंत विहीर दिसली कीं मुक्काम पडे, आणि बाई स्टोव्ह पेटवून पिठलें रांधीत, आणि वाऱ्यानें स्टोव्ह विझे, आणि राव चादर धरून उभे राहत, आणि पिठल्यास रॉकेलाचा किंचित वास येई. तैसें पिठलें पुढें कोणत्याही पंचतारांकित पंगतींत मिळालें नाहीं. पुढें मॅटॅडोर भंगारांत गेली, पोरें परमुलुखीं गेलीं, बाईसाहेबांचे गुडघे गेले, आणि राव कारभार सोडून गॅलरींत बसूं लागले. बाई एकदां सहज बोलोन गेल्या, "परत एकदा तसं जायचं राहिलंच." तो बोल रावांचे काळजांत रुतला. बाईंस आतां गादी जमिनीवर चालत नाहीं, सबब रावांनीं मोटारघर घ्यावयाचें मनीं धरिलें. मोटारघर म्हणजे चाकांवरील बिऱ्हाड: आंत निजावयास उंच फळी, शेगडी, नहाणी, सर्व. नवें घेण्याची ऐपत नव्हती. मग जुनें पाहावें म्हणोन मोबाईलांत शोध आरंभिला.

तों एके दिवशीं, दूरच्या सुभ्यांतील एक मोटारघर दृष्टीस पडलें. पांढरें शुभ्र, खिडक्यांस फुलाफुलांचे पडदे. किंमत ऐसी माफक कीं रावांनीं चष्मा पुसोन पुनः पाहिली. मालक आपणांस सरहद्दीवरील मेजर म्हणवी. फोनावर बोलणें अति मधुर. "अंकल, सात वर्षं गाडी माझ्याकडे आहे, आता बदली झाली, म्हणून देतोय. गाडी छावणीत उभी आहे. बाहेर काढायचा पास करावा लागतो. तेवढं टोकन टाका, क्यूआरचा चौकोन पाठवतो, स्कॅन करा. आणखी तीन गिऱ्हाइकं थांबलीत, पण तुमचा आवाज ऐकून वडील आठवले." हें ऐकतांच राव विरघळले. ज्यांनीं आजन्म नवरदेवाच्या बापाकडोन अर्धे पैसे आगाऊ घेतल्याविना खड्डा खणिला नाहीं, ते स्वतः आगाऊ द्यावयास सिद्ध जाहले!

मंजुळाबाई भाजी निवडीत होत्या. बोलिल्या, "व्हिडिओ कॉल लावा म्हणावं. आत फिरवून दाखवू दे."

मेजर म्हणाला, "छावणीत शूटिंगला बंदी आहे, आंटी."

"मग हे फोटो काय शत्रूनं काढले?"

मेजर किंचित खोकला. राव बाईंवर डोळे वटारून बोलिले, "अगं, लष्करी माणूस आहे. असं बोलतात का?" बाईंनीं डोळ्यांची दखल घेतली नाहीं, आणि फोन आपणाकडे ओढून पुसिलें, "सात वर्षं गाडी तुमच्या दारात आहे म्हणता. मग दरवर्षी दसऱ्याला हार घातला असेल की. सगळे उभे राहून फोटो काढतात, तसा काढला असेलच. तो पाठवा." कारण ते राज्यीं सायकल असो कीं ट्रक असो, दसऱ्यास धुवून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालण्याची चाल होती, आणि फोटो काढिल्याविना तो हार देवास पोंचत नाहीं ऐसी सर्वांची श्रद्धा होती.

घटका दीड घटका गेली आणि फोटो आला. तेंच मोटारघर, आणि दर्शनीं लठ्ठ हार. रावांस जग जिंकल्याचा आनंद जाहला. "बघ! हार! आता बोल." बाई बघोन म्हणाल्या, "आहे बाई हार." आणि रावांनीं चौकोन स्कॅन करावयास मोबाईल सरसाविला. परंतु मंडपवाल्याची नजर. जन्मभर दुसऱ्याची सजावट पाहण्याची खोड. त्यांनीं जातां जातां फोटो बोटांनीं मोठा केला. हारामागें, गाडीचे कांचेशीं, गवताचा इवला गोठा मांडिला होता, आणि गोठ्यांत बाळ येशू निजला होता, आणि भोंवतीं कापसाचें बर्फ. दसऱ्यास नाताळचा गोठा! राव थबकले. क्षणभर मनीं आलें कीं पाहिलेंच नाहीं ऐसें करावें. पडदे फार सुरेख होते. मग त्यांनीं मोबाईल हळूच पालथा ठेविला आणि बोलिले, "मंजुळा, हार वरून चिकटवलाय गं." बाईंनीं उठोन चहा टाकिला.

चहा घेऊन रावांनीं मेजरास फोन लाविला. "साहेब, तुमच्या छावणीत दसऱ्याला नाताळ असतो का?" मेजर म्हणाला, "अंकल, नेटवर्क..." आणि तो जो गेला तो कोणत्याच सरहद्दीवर पुनः दिसला नाहीं.

मग राव तो फोटो मोबाईलांतून पुसावयास निघाले, तों त्यांत गाडीमागें मंडपाची कमान दिसली, आणि कमानीवर पाटी. मंडप उभारिला कीं आपले नांवाची पाटी टांगावी, ही त्या पेशाची रीतच. पाटीवर लिहिलें होतें "लोपीस डेकोरेटर्स", आणि खालीं फोन नंबर. रावांनीं लागलीच लाविला.

"लोपीस का? मी हैबतराव, घाटावरचा मंडपवाला."

"बोला शेट! कपडा पाहिजे की बांबू?"

"माणूस पाहिजे. तुमच्या नाताळच्या मंडपापुढं पांढरं मोटारघर उभं होतं, फुलांचे पडदे, ते कोणाचं?"

"ती? आमच्या पास्कू तुस्कानोची. चर्चमागं उभी आहे. दोन वर्षांपूर्वी विकायला काढली होती, जाहिरातीत फोटोपण टाकले होते, मग बसला घेऊन. का हो?"

रावांनीं तोतयाचा सर्व वृत्तांत सांगितला. लोपीस इतका हंसला कीं रावांसही हंसूं आलें. मग लोपीसानें जातीनें जाऊन, गाडीखालीं निजून, गंज पाहोन, व्हिडिओ कॉल लाविला, आणि मेजराच्या छावणींत जी बंदी होती ती येथें कोठेंच आढळली नाहीं. मग उभयतां एस्टीनें निघोन समुद्राकांठीं पोंचलीं.

पास्कू तुस्कानो साठीचा, अल्पभाषी. पहिल्यानेंच बोलिला, "बघा, पण देईनच असं नाही. लोक येतात, ॲव्हरेज विचारतात, टायर लाथाडतात. माझी मार्था गेल्यापासून मला ते बघवत नाही." मोठमोठ्या पुढाऱ्यांशीं घासाघीस केलेले राव टायराकडे निघालेला पाय हळूच मागें घेते जाहले. मंजुळाबाई मात्र गुडघा धरीत आंत चढल्या, शेगडीपाशीं उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "वारा सुटला की शेगडी विझत असेल हो. वहिनी कुठली खिडकी लावायच्या?"

तुस्कानो पायरी चढला. मग आंत येऊन डावीकडील खिडकी लावून दाखविली, आणि मिठाची बरणी कोठें अडकवावयाची तेंही दाखविलें, आणि बोलिला, "पडदे राहू द्या. तिनं शिवलेत." मग कागद सरकारदफ्तरीं ताडून पाहिले, आणि तुस्कानोचे घरीं समोरासमोर बसोन पैका दिला, आणि किल्ली घेतली. तुस्कानो निघतांना इतकेंच म्हणाला, "पहिला गिअर रुसतो. ओरडू नका."

राव गाडी हांकूं लागले. समुद्र उजवे हातीं, बाई शेजारीं, वारा तोच. एक अवघड वळण आलें, आणि राव संवयीनें मान न वळवितां गरजले, "मागं गप बसा रे, पडाल!"

मागें फळी रिकामी होती आणि पडदे हलत होते. बाईंनीं वळोन पाहिलें, आणि मग रावांचे बाहीवर हात ठेवून बोलिल्या, "बसलीत हो गप. चला तुम्ही."

एवंच, तोतयाचा मोड जाहला, पैका वांचला, बिऱ्हाड चाकांवर चढलें. गेला काळ कोणी जाहिरातींत विकावयास काढिता तर हैबतराव तोही पाहोन येते. परंतु तैसी जाहिरात अद्याप दृष्टीस पडली नाहीं, सबब लेखणी येथें ठेविली.