गॅलरीतली एस्पेरांतो

खुर्ची गॅलरीत न्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. कारण विचाराल तर वारा. (आमच्या गॅलरीत वारा येत नाही. शेजारच्या टेलरमास्तरांकडचा आवाज मात्र मधल्या प्लायवूडमधून छान येतो.)

मास्तरांची मुलगी नर्स आहे, म्हणून अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणते. परदेशातल्या एका हॉस्पिटलात तिची नोकरी ठरत आली होती. अट एकच, तिथली भाषा यायला हवी. ती भाषा म्हणजे नुसता वैताग! पोरगी हसत क्लासला जायची आणि नाक पुसत परत यायची. शेवटी "परकी भाषा माझ्या डोक्यात शिरणारच नाही" म्हणून तिने पुस्तकं माळ्यावर टाकली. तेव्हा क्लासच्या बाईंनी वेगळीच मात्रा सुचवली. आधी थोडे दिवस एस्पेरांतो शिक. मुद्दाम सोपी बनवलेली भाषा आहे, नियम थोडके आणि ते मोडत नाहीत. एकदा भीड चेपली की मग अवघडाला हात घाल.

(हे मला कुणी सांगितलं नाही. वाऱ्याने सांगितलं.)

मास्तर भडकले. "ज्या भाषेला देशच नाही, ती शिकून जायचं कुठे?"

"बाबा, सायकल शिकताना आधी लहानच देतात ना?"

"लहान सायकल निदान गल्लीत तरी चालते! रविवारी मीच परीक्षा घेतो. नाही जमलं, तर नोकरीला नकार कळवून मोकळी हो."

झालं, माझ्या जिवाला घोर! रोज संध्याकाळी ती पलीकडे मोठ्याने घोकायची आणि मी इकडे मांडीवर पेपर उघडून बसायचो. (पेपर उलटा असायचा, असं बायको म्हणते. वाचायचाच नव्हता, तर सुलटा काय नि उलटा काय!)

रविवारी मास्तर मशीन सोडून गॅलरीत आले.

"हं, एस्पेरांतोत बोल. पाणी गार आहे."

पलीकडे सिस्टरने नुसतं नाक ओढलं.

"बोल की!"

"तुम्ही असे डोळे वटारून बघू नका ना, बाबा."

"मग तिकडचे पेशंट काय डोळे मिटून बोलणार आहेत तुझ्याशी?"

पलीकडून एक बारीक हुंदका आला. मला राहवेना. पोरीची नोकरी डोळ्यांदेखत चालली होती, आणि उत्तर माझ्या जिभेवर वळवळत होतं. मी तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला.

"ला आक्वो एस्तास मालवार्मा!"

पलीकडे स्टूल सरकलं. प्लायवूडच्या वर आधी गळ्यातल्या टेपसकट मास्तर उगवले, मागोमाग डोळे पुसत सिस्टर.

"भाऊ, तुम्ही? हे कुठे शिकलात?"

"इथेच. वारा खाताना."

"पण काका," सिस्टर म्हणाली, "मालवार्मा मी कधी घोकलंच नव्हतं!"

"अगं, वार्मा म्हणजे गरम, हे तूच घोकलंस. बोना चांगलं, मालबोना वाईट, हेही तूच. मग गरमच्या पुढे माल लावला की गार होणार नाही तर काय?"

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. आता माझा उद्धार होणार, म्हणून मी खुर्ची उचलली.

"भाऊ, शिक्षण किती तुमचं?"

"सातवी. तीही ढकलत ढकलत."

मास्तर लेकीकडे वळले. "यांना आलं? यांना? तेही फळीआडून?" आणि इतके मोठ्याने हसले, की हुंदके देणारी सिस्टरही हसायला लागली. त्या हसण्यात तिची जीभ सुटली आणि ती घडाघडा बोलत सुटली. मला निम्मंच कळलं, मास्तरांना काहीच नाही. पण त्यांनीच माळ्यावरची पुस्तकं काढून दिली. हुश्श! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आता सिस्टर ती अवघड भाषा वाचते, अडते आणि न रडता पुढे जाते. नोकरीही पक्की झाली.

परवा क्लासच्या बाईंनी मला खास बोलावणं धाडलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला, आरशासमोर चार वाक्यं म्हणून पाहिली आणि थाटात वर्गात शिरून थेट फळ्याकडे निघालो.

"नाही नाही काका, बोलायचं काही नाही," बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं. "तुम्ही नुसते समोर बसा. नव्या मुलांना तुम्हाला बघूनच धीर येतो."